दोरा नाही

हॅलिफॅक्सच्या म्युझियममध्ये वरच्या मजल्यावर
माझी खुर्ची आहे, आणि खुर्चीसमोर ती.
तीन हिवाळे आम्ही अशाच बसतो.
तिला पगार नाही. मला आहे,
तासावर, जेवणाची सुट्टी कापून.

पाटीवर लिहिलंय: छोटी शिवणकरीण.
खाली बारीक अक्षरांत
खिडकीतला उजेड, गालांवरची लाली,
झुकलेल्या पापण्यांतला विनय,
गरिबाघरचं समाधान.

लाली मला कधीच पटली नाही.
आमच्या सिन्नरलाही एकदा फोटोवाला आला होता.
पोरींनो, तोंडं धुवून या म्हणाला.
सूप मांडीवर राहू दे, विड्या दिसू देत,
फक्त खोकू नका.

पण डावा खांदा खरा आहे.
कानाकडे चढलेला, तिथंच आखडलेला.
असा खांदा मनानं काढता येत नाही.
तेवढं त्या माणसानं पाहिलं होतं.
पाहिलं,
आणि मग घाबरून गालाला गुलाबी लावला असेल.

दुसऱ्या हिवाळ्यात लक्षात आलं,
मांडीवर कापड नाही, कातडं आहे.
बोटांत काहीतरी चकाकतं, सुईसारखं,
पण दोरा नाही.
अख्ख्या चित्रात वीतभर दोरा नाही.
क्युरेटरबाईंना सांगितलं.
"रंग उडाला असेल," त्या म्हणाल्या.

मग एका मंगळवारी, बाहेर गारा,
मिसेस सग्डन आल्या, निथळती छत्री घेऊन.
(छत्री वर आणायची नसते. मी काही बोलले नाही.)
चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि हसल्याच.
"शिवतेय कसली? दात बसवतेय.
लोकर पिंजायच्या फणीला तारेचे दात.
माझ्या पणजीची आई बसवायची, पाचव्या वर्षापासून.
दीड हजार दातांना अर्धी पेनी.
एक वाकडा गेला की अख्खी ओळ उपसायची."

दीड हजार.
माझा अंगठा आपोआप मुठीत गेला.
आमच्यात हजारावर मजुरी होती,
आणि छाट निघाली
की तेवढ्या पुन्हा वळायच्या, फुकट.

पाटी बदलायचा फॉर्म मी दोनदा भरलाय.
नोंद घेतली आहे, असं उत्तर दोनदा आलंय.

शुक्रवारी शाळेची पोरं येतात.
परवा एकानं, नाक पुसत पुसत, विचारलं,
"ती वर का बघत नाही? लाजते?"
मी पाटीच्या पुढ्यात सरकून उभी राहिले.
म्हटलं, "मोजतेय.
हळू बोल, आकडा चुकेल तिचा."

अख्खा वर्ग गप्प.
रेडिएटर तेवढा ठकठकत होता.
मग मागून कुणीतरी, अगदी दबक्या आवाजात,
"किती झाले?"