डुक्कर फियाट

रविवारी सकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर
चार जुन्या गाड्या येतात, कधी तीन.
बॉनेट उघडतात आणि माणसं आत वाकतात,
विहिरीत पडलेली कळशी शोधावी तशी.
मी चहा घेऊन बाजूला उभी असते.
वेल्डिंगवालीला मत कोणी विचारत नाही.
बाबांनाही विचारत नसत, पण ते सांगायचे.

लवू केळुसकरची गाडी पोपटी.
एकसष्ट सालची डुक्कर फियाट,
मोचेमाडला काजूखाली अकरा वर्षं बसून होती,
डिकीत कोंबडीनं अंडी घातलेली,
फ्लोअर इतका सडलेला
की सीटवर बसून खालचं गवत दिसायचं.
भंगाराच्या भावात उचलली, अठरा हजार,
कोंबडी वेगळी.
आता तिच्या पोटात स्विफ्टचं डिझेल इंजिन,
स्प्रिंगा कापून बसकी केलेली,
स्टिअरिंगवरचा गिअर खाली, गुडघ्याशी आलेला.

"गाडयेचो खून केलंस तिया,"
इनास फर्नांडिस म्हणतो, दर रविवारी, त्याच आवाजात.
त्याची राखाडी फियाट म्हणे स्क्रूपर्यंत कंपनीची.
बंदरावरून नेली की गोड्या पाण्यानं धुतो,
पावसाचे चार महिने घोंगडीखाली ठेवतो.

सावंतवाडीचे नार्वेकर, आरटीओतून निवृत्त,
म्हणतात, बुकात पेट्रोल लिहिलंय.
नोंद बदललेली नाही, म्हणजे कागदावर ही गाडी नाहीच.
मग टायरला हलकी लाथ मारून बघतात.
गाडी असते.

कोल्हापूरचा एक पाहुणा गॉगल वर करून बोलतो,
"ओरिजिनल असती तर पाच लाख दिले असते."
लवू फडक्यानं काच पुसत राहतो.
"ओरिजिनल होती तेव्हा तुमी खंय होतास?"

इसाक मुकादम ट्रॉलरवरून उतरून येतो,
हाताला ग्रीस, खांद्यावर टॉवेल.
आमच्या होडीला शीड होतं, म्हणतो,
मग इंजिन बसलं, मग फळ्या गेल्या, फायबर आलं.
नाव तेच राहिलं.
बंदरावर कोणी सभा घेतली नाही.
इनास म्हणतो, होडीवर पोट चालतं.
ही हौस आहे. हौशीला नियम नकोत?
यावर इसाककडे उत्तर नव्हतं.
माझ्याकडेही नाही, अजून.

तिला कापली ती मीच.
इंजिनमागचा पत्रा उघडला तेव्हा
रंगाच्या तीन थरांखाली खडूचा आकडा निघाला, सात.
कुर्ल्याच्या कारखान्यात कोणीतरी घाईत लिहिलेला,
सातच्या पोटात आडवी रेघ.
साठ वर्षांत खारा वारा तिथवर पोचला नव्हता.
मी ग्राइंडर बंद केला.
मग तेवढ्या पत्र्याला वळसा घालून कापलं.
लवूला सांगितलं, मजबुतीसाठी.

इनास आला बुधवारी, दिवेलागणीला,
पायवाटेनं, गाडी न घेता.
"जयू, तो जुनो कार्बोरेटर भंगारात घातलंस काय गो?"
खोबरेल लावून, वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता.
त्यानं पुडी उघडली नाही, नुसता वास घेतला.
त्याचं डावं दार कणकवलीच्या मेलेल्या टॅक्सीचं,
डायनॅमो गोव्याहून आलेला, एक मडगार्ड मीच ठोकलेलं,
ते आम्ही दोघं कधी बोलत नाही.
"पैसे लवूक दे," म्हटलं.
"तेचा नाव काढू नको."
पैसे मात्र स्टुलावर ठेवले, मोजून,
आणि दारात थांबला.
"हॉर्न?"
म्हटलं, हॉर्न तोच आहे. लवूनं काढू दिला नाही.

पुढच्या रविवारी दीपगृहाखालच्या वळणावर
गाडी दिसायच्या आधी तो घोगरा आवाज आला,
सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा.
इनासनं चहाचा ग्लास खाली ठेवला,
शर्टाचं वरचं बटण लावलं,
आणि वळणाकडे तोंड करून उभा राहिला,
शिव्या द्यायला तयार.