अठरा इंच

घुले इंजिनियरांनी बासष्ट साली
कंपूच्या वरच्या अंगाला हे घर बांधलं
आणि टेकडीला हात लावला नाही.
ती जिथे उतरली तिथे घरही उतरलं.
बैठकीतून जेवणाच्या खोलीत तीन पायऱ्या,
सहा-सहा इंचांच्या, मोझॅकच्या,
कडेला पितळी पट्टी.

आम्ही घर घेतलं ते त्या पायऱ्यांवर भाळून.
उल्हास म्हणायचा, इथे माणूस जेवायला उतरतो.
बाकीच्या घरांत नुसता जातो.

मार्चपासून तो वरच जेवतो.
ताट मी नेते, आमटी वाटीत हिंदकळते.
बॅटरीची खुर्ची पट्टीशी आणून
तो खाली बघत बसतो,
विहिरीत काही पडल्यासारखा.

हरगोविंद मिस्त्री म्हणाला,
भाभीजी, भर देते हैं. दो ट्रॉली मुरूम, ऊपर से पत्थर.
मग स्वयंपाकघर?
वो भी उठेगा.
मागचं दार?
वो भी.
आणि अंगण?
तो टेकडीकडे बघून हसला,
कानामागची पेन्सिल काढली
आणि परत खोचली.

मग उताराचा हिशेब.
ढाळ इंचाला फूट, त्याहून उभा नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं.
अठरा इंच, म्हणजे अठरा फूट.
खोली चौदाची.
खडूची रेघ जाऊन भिंतीला टेकली
आणि आम्ही दोघंही
त्या उरलेल्या चार फुटांपुढे उभे.

उल्हासने डाव्या हाताने खडू मागितला.
वाकता येत नव्हतं, म्हणून खिडकीच्या काचेवरच काढलं.
वेडीवाकडी रेघ: काचेतून बाहेर,
बाहेरच्या खडकाला वळसा,
आणि खालच्या खिडकीतून आत.
रेघेमागे किल्ला दिसत होता.
मिस्त्री बराच वेळ बघत राहिला.
बोलला काही नाही, टेप घेऊन बाहेर गेला.

खडक फोडायचा नाही, एवढं मी सांगितलं.
घुल्यांनी नाही फोडला, आपण का?
दोन खिडक्यांचे कट्टे मात्र गेले.
त्यातल्या एकावर माझी तुळस होती.
ती आता जिन्याखाली आहे, रुसलेली.

काल पहिल्यांदा तो जेवायला आला.
मी नेहमीसारखी तीन पायऱ्यांत खाली,
ताटं मांडून, पोळ्या झाकून उभी.
बाहेरून खुर्चीची घरघर ऐकू येत होती,
मग वळणावर थांबली.
किती वेळ. हाक मारावी का?

बाहेर वारा होता. संध्याकाळी असतो.
तो तिथेच थांबला होता,
खडकाच्या सावलीत, ब्रेक न लावता.

आत आला तेव्हा भात गार झाला होता.
पट्टीपासून टेबलापर्यंत
मोझॅकवर चाकांचे दोन लाल पट्टे,
टेकडीच्या मातीचे.
मी फडकं आणलं
आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून
आधी जेवायला बसले.