आठ नंबर

आमच्या भटारखान्यात बुटांचा एकच जोड आहे.
काळा, जाड तळव्याचा, पुढे आतून लोखंडी टोपी.
नंबर आठ.
तो मालकांच्या केबिनमध्ये असतो, कपाटावर, पिशवीत,
आणि तपासणीवाले साहेब मरोळ नाक्याला उतरले
असा फोन आला की खाली येतो.

मग ज्याचा पाय आठात बसेल
तो तेवढा तास चुलाणापाशी उभा, नवरदेवासारखा.
बाकीचे मागच्या दाराने गल्लीत.

मी हिशेब लिहिते.
बावीस जणांचे पाय मला पाठ आहेत.
टिकाराम पाच, अजून वाढीचा पोरगा.
बिपिन बेहेरा दहा, अंगठा नेहमी बाहेर.
दामोदरकाका डावा सहा, उजवा सात,
का, ते सांगत नाहीत.
सगळ्यांना निळ्या पट्ट्याची स्लीपर
आणि खाली फरशीवर तेल, साबण, मासळीचं पाणी.

गुरुवारी भात वेळताना बिपिन सरकला.
तळणीची कढई नव्हती हातात, नशीब, म्हणाले सगळे,
फक्त पेज होती.
फक्त.
पेज ओघळत नाही हो. बोटांना धरून बसते.

मालक खाली आले.
आधी सांडलेल्या भाताकडे पाहिलं, मग गॅसकडे,
मग म्हणाले, बघून चालता येत नाही?
रिक्षाला दीडशे दिले
आणि मला म्हणाले, त्याच्या उचलीत मांड.

मांडले.
मांडताना मागचं पान उघडलं गेलं, उगाच:
मार्च. सुरक्षा बूट, बावीस जोड. माल पोचला.
अक्षर माझं.
विचारलं होतं मी तेव्हा, कुठे आहेत?
येतील, तू लिही.
मी लिहिलं. मला पगार होता सात तारखेला,
आणि माझ्या पायात चांगल्या सँडल होत्या.

रविवारी दुपारी, गिऱ्हाईक ओसरल्यावर,
बटर पेपर पसरला ओट्याखाली
आणि एकेकाला उभं करून पेन्सिल फिरवली.
गुदगुल्या होतात म्हणून टिकाराम दोनदा हलला,
त्याच्या पायाला सहा बोटं आलीत.
बिपिन खोलीवरून आला, टाचेवर चालत.
त्याचा पाय पट्टीसकट काढला. अकरा भरला.

तो कागद त्या मार्चच्या पानाला टाचलाय.
उद्या वही केबिनमध्ये जाईल, सहीला.

दामोदरकाकांना विचारलं, एक पाय पुरे ना?
दोन्ही काढ, म्हणाले,
एकावरून दुसऱ्याचं कळत नाही.