‘का’ची जागा

पहिल्या पानावर मी लिहिलं होतं :
किनाऱ्यावरच्या बायका एवढ्या का खोकतात?
डॉक्टर म्वाले यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
“तामंदानी, हा प्रश्न आहे की गाऱ्हाणं?
कुठल्या बायका? एवढ्या म्हणजे किती?
कुणाच्या मानाने?”
आणि वही परत दिली, पान न फाडता.
त्यांची माया एवढीच असते.

ब्लांटायरहून मांगोचीला बसमध्ये अख्खी सकाळ.
शेजारच्या बाईच्या पिशवीत कोंबडी,
माझ्या मांडीवर वही.
बाहेर गोरखचिंचेची झाडं, जाडजूड,
कुणाला काही न विचारता उभी.

“बायका” खोडून लिहिलं :
मासे धुरावणाऱ्या, अठरा ते पन्नास वयाच्या,
निदान दोन वर्षं भट्टीपाशी बसलेल्या.
“खोकतात” खोडून लिहिलं :
पहिल्या सेकंदात किती श्वास बाहेर टाकू शकतात.
“एवढ्या” तर नुसतं पुसलं,
त्याच्या जागी काहीच बसेना.

“का” मात्र खोडवेना.
लिवोंडेच्या पुलापर्यंत त्या एका अक्षराशी भांडत होते.
पुलाखाली शिरे नदी, पुलावर भाजलेली कणसं विकणारी पोरं,
आणि तिथेच ते वाक्य जमलं :
झाकणाच्या भट्टीने सहा महिन्यांत
त्यांच्या श्वासात फरक पडतो का?
‘का’ होता तोच.
फक्त मधून उठून शेवटी जाऊन बसला,
आवाज खाली करून,
पंचायतीत वडीलधाऱ्यांसमोर बसावं तसा.

मग शून्य गृहीतक.
आधी लिहायचं : काहीही फरक पडत नाही.
ज्यासाठी घर सोडून आलो
ते नाहीच, असं धरून चालायचं,
आणि आकड्यांनी आपल्याला खोटं पाडावं
म्हणून डोळे लावून बसायचं.
आईला फोनवर समजावलं.
ती म्हणाली, “मग एवढं शिकलीस कशाला?”

आबिती कासिमू जाळीवर उटाका मांडत होती,
शेपटीला डोकं, डोक्याला शेपटी.
तिने माझं सगळं ऐकून घेतलं.
“झाकणाची भट्टी किती जणींना?”
“तीस.”
“आणि बाकीच्या तीस?”
“त्यांच्याशी तुलना करायची.”
तिने एक मासा उलटला. दुसरा उलटला.
“म्हणजे त्यांनी तुझ्या वहीसाठी खोकायचं.”

चौदा पानी प्रस्तावात
हे वाक्य कुठेच नव्हतं.
मी गृहीत धरलं होतं.
त्यांनाच.

रात्री तळ्यावर होड्यांचे दिवे लागले,
माझ्या खोलीतला गेला.
मेणबत्तीवर पुन्हा लिहिलं :
भट्टी साठही जणींना,
कुणाला जूनमध्ये, कुणाला डिसेंबरमध्ये,
आधी कोण, ते चिठ्ठ्या टाकून.
आबिती म्हणाली, चिठ्ठ्या कुणाला वाचता येतात?
मग तिच्याच टोपलीत तीस लाल घेवडे, तीस पांढरे,
वरून कापड.
हात घालताना बायका हसत होत्या,
पांढरा आला की शिव्या देत होत्या,
आणि मी प्रत्येक घेवड्यापुढे नाव लिहीत होते.

सगळं उरकल्यावर एक जण सहज बोलून गेली,
आधी आंब्याचं सरपण असायचं,
तेव्हा एवढं होत नव्हतं.
आता ओली निलगिरी, पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या.
मी पेन शोधलं.
कागद भरला होता, समासात आडवं लिहिलं :
भट्टी की लाकूड?
आणि पुढे पुन्हा तो ‘का’,
पहिल्या दिवशीसारखाच आगाऊ.

“आणि तू कधीपासून खोकतेस?” आबितीने विचारलं.
तीन आठवडे झाले असतील. मोजले नव्हते.
मी म्हटलं, “मी नमुन्यात नाही, आबिती.”
“बरं,” ती म्हणाली,
“मग वारा येतो त्या बाजूला सरकून बस.”