शब्दमर्यादा तीनशे

आडनाव आधी: वडणगेकर.
मग नाव: प्रांजल. मग वडलांचं: महिपती.
आईच्या नावाला रकाना आहे,
पण त्यापुढं तांबडी चांदणी नाही.
रिकामा सोडला तरी फॉर्म पुढं सरकतो.
मी सोडला नाही. आक्काताई.

उत्पन्नाचा दाखला करवीर तहसीलमधून, तिसऱ्या खेपेला.
पहिल्यांदा साहेब मीटिंगला.
दुसऱ्यांदा एक शून्य जास्त पडलेला:
चौऱ्याण्णव हजारांचे नऊ लाख चाळीस हजार.
आई तो कागद धरून बराच वेळ बसली.
"राहू दे की गं असाच," म्हणाली, "दोन दिवस."

राजारामपुरीत बंडा सुतारचं झेरॉक्स-नेट.
कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांचे असले शंभर फॉर्म त्यानं भरलेत.
"सातवा प्रश्न महत्त्वाचा," म्हणाला.
"आयुष्यातली अडचण. जरा गडद लिही.
फिक्या शाईतली गरिबी
पुण्यातनं दिसत नाही."
आणि माझ्या वाक्यांत स्वतःच टाकून दिलं:
अत्यंत. हलाखीची. अठराविश्वे. अश्रू.

घरी आलो.
आमच्यात पोरी असंच म्हणतात, आलो, गेलो.
फॉर्ममध्ये 'आले' करायचं, 'गेले' करायचं,
मुलाखतीतही ध्यानात ठेवायचं.

आई शिरोलीत कोअर करते, फाउंड्रीत.
लोखंड ओतताना जिथं पोकळी राहायला हवी
तिथं आधी वाळूचं काहीतरी भरीव बसवावं लागतं.
रस निवला की ते फोडायचं, झाडून टाकायचं.
वाळूत काकवी घालतात, ती धरून राहावी म्हणून.
आईच्या पदराला म्हणून
गुऱ्हाळाचा जळका वास येतो, बारा महिने.

गेल्या आषाढात चाळीस नग परत आले.
आत फुगे. प्रत्येकाला तांबडी चिठ्ठी.
चिठ्ठीवर जे नाव
तेच या शिष्यवृत्तीच्या माथ्यावर.
आठवडाभर आईची अर्धी हजेरी कापली.
मग तिनं सायकलच्या चाकाची तार
पायरीवर घासून टोकदार केली
आणि कोअर भट्टीत जायच्या आधी
ओल्या वाळूत एक बारीक वाट पाडली.
"वाफंला जायला रस्ता नको व्हय?"

पुढच्या खेपेला परत आले तीन.
हे कसं झालं, तिला कुणी विचारलं नाही.
मी विचारलो. तर म्हणाली,
"तू सांग की. सायन्सला हाईस न्हवं?"
मला सांगता आलं नाही.

सातव्या प्रश्नाखाली हे लिहिलं.
अडचण म्हणजे वाफ, असं सुरू केलं.

शब्द झाले तीनशे आठ. खाली लाल रेघ.
अत्यंत काढला. हलाखीची काढला.
अठराविश्वे एक शब्द की दोन,
तो वाद तिथंच मिटला.
अश्रू काढला.
अजून चार जास्त.

"चिठ्ठीवर नाव तुमचंच होतं.
हे उडव," बंडा म्हणाला, "बरोब्बर बसतंय."
आईही म्हणाली, "देणाऱ्याच्या दारात
त्याचंच खरकटं कशाला न्यायचं?"
खाली एक चौकोन होता, खूण करायला:
वरील माहिती सत्य असून
काहीही लपविलेले नाही.

मी दुसरे चार काढले.
वडील आता हयात नाहीत.

बंडा डोक्याला हात लावून बसला.
"तेवढ्यावरच मिळत होती गं!"
आई काही बोलली नाही.
तिनं पडद्यावरची ती रिकामी जागा
बोटानं एकदा पुसल्यासारखी केली.

अकरा बावन्नला अर्ज गेला.
लांबलचक नंबर आला, वहीत उतरवला.
घरी चालत येताना आईनं विचारलं,
"कसला नंबर?"
"आपल्या नगाचा."
"परत येतोय काय?"
"सप्टेंबरात कळंल."

सहाची पाळी होती.
तिनं डब्याच्या पिशवीत तार टाकली, लाईट घालवली.