पंचावन्न किलो

नवयुवक क्रीडा मंडळ, चिचखेडा.
स्थापना कधीची, ते वहीत नाही;
पहिलं पान कोणीतरी विडी पेटवायला फाडलं.
दुसऱ्या पानावर जमा : तेवीस रुपये, एक नारळ,
जिनिंगवाल्याकडून जुना वजनकाटा
आणि तोंडी परवानगी –
सरकीच्या ढिगामागची जागा तुमची.
ढीग वाढायचा तसं मैदान आखडायचं.
म्हणून आमचे पोट्टे कोपऱ्यात वळायला शिकले,
जिथं दुसरे बाहेर जायचे.

माझं वजन एकाहत्तर.
म्हणून वही माझ्याकडे.

पहिल्या वर्षी सात सामने, सात हार.
लोण किती बसले ते मी मोजले,
लिहिले नाहीत.

झरीला, रात्री अकराला, हॅलोजनखाली
काटा म्हणाला : पंचावन्न किलो दोनशे.
शालिक पेंदोर घोंगडी पांघरून
गावाला तीन फेऱ्या मारून आला.
तरी शंभर ग्रॅम जास्त.
मग तिथल्या न्हाव्याला झोपेतून उठवलं.
डोकं झालं, मिशी झाली,
वस्तरा भुवयांकडे वळला तेव्हा पंच म्हणाले,
"बस करा बे, घ्या त्याले!"
त्या रात्री तो कोणाच्याच पकडीत टिकला नाही.
एक हजार एक रुपये आणि पितळी घागर.
घागर कोणाच्या घरी ठेवायची
यावरून मंडळ दोन वर्षं फुटलेलं होतं.

जिल्हा संघटनेचे साहेब जीप घेऊन आले.
नाव नोंदवा, फी भरा,
तालुक्याच्या संघात तुमचे दोन पोट्टे घेऊ.
आमचा कॅप्टन दमडू ठावरी बोलला,
"अन् बाकीचे पाच?"
साहेबांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश.
उत्तर अजून यायचं आहे.
तेव्हापासून आमचा एकही सामना
कुठल्याच कागदावर झालेला नाही,
या वहीशिवाय.

पुढं मॅट आल्या, बूट आले.
पोट्टे बुटीबोरीला गेले, चाकणला गेले,
एक तर सुरतेत साड्यांच्या घड्या घालतो.
शेवटच्या वर्षी मुकुटबनला आम्ही सहाच.
खुला सामना होता, वजनाची अट नव्हती.
वही खाली ठेवून सातवा मी उतरलो.
मध्यरेषा ओलांडली आणि
कबड्डीच्या जागी तोंडातून आकडे निघाले –
बारा-सतरा, बारा-सतरा, बारा-सतरा –
समोरचे हसून खाली बसले,
आणि मी दोघांना शिवून परत आलो.
पंचांनी गुण दिला नाही.
वहीत आहेत. दोन.

काटा आता माझ्या पडवीत.
तूर, भंगार, कधी एखादं बोकड.
परवा शालिक आला, नागपूरच्या दवाखान्यातून,
काही न बोलता काट्यावर चढला.
मी मापं उतरवत गेलो, उतरवतच गेलो.
त्रेचाळीस.
त्यानं टोपी काढली. डोक्यावर एक केस नाही.
"पाय बे," म्हणाला,
"औंदा टक्कल फुकटच गेलं."

दांडी हलायची थांबली तरी तो उतरेना.
मग मी वही आणली.
नाव : शालिक पेंदोर. जागा : चढाई.
शेरा : पात्र.

घागर दमडूकडेच आहे.
बुडाला भोक पडलंय म्हणतात.