किल्ली

देवळाची किल्ली माझ्याकडे असते.
वीतभर लोखंड, दारामागच्या खिळ्याला टांगलेलं.
चिलोएच्या या टोकाच्या बेटाला
धर्मगुरूंची होडी वर्षातून दोनदा लागते;
एरवी रविवारची प्रार्थना म्हणवून घ्यायची ती मी,
गावचा फिस्काल, बाउदिलियो चिगुआय यानं.
तेवीस वर्षं झाली. सगळं तोंडपाठ.
फक्त क्षमेच्या ओळीपाशी
आवाज जरा खाली घ्यायची सवय जडलेली,
खोकला आल्यासारखी.
कुणाच्या लक्षात आलं नसावं.
प्रभू, तुझ्या आलं असणार.

ओनेसिमो उएन्चुर.
नऊ वर्षांमागे त्यानं कुंपण सरकवलं, चार हात.
चार हात म्हणजे बटाट्याच्या दोन सऱ्या.
मी त्या दर साली मोजतो,
त्याच्या बाजूला उगवलेल्यासुद्धा.

यंदा समुद्रानं त्याच्या अंगणाचा घास घेतला.
घर वर टेकडीवर न्यायचं ठरलं,
जसंच्या तसं, दारंखिडक्यांसकट,
खाली ओंडके सारून, पुढे बैल जुंपून.
याला आम्ही मिंगा म्हणतो.
मजुरी नसते, पोटभर जेवण असतं.
आणि रीत अशी, की घरधन्यानं
दारोदार जाऊन स्वतःच्या तोंडानं विनवायचं.
तो आला. टोपी हातात,
चिखलाच्या बुटांनी उंबऱ्याबाहेर उभा.
"वाट तुझ्या वावरातूनच आहे, बाउदिलियो.
पलीकडे दलदल."
मी म्हणालो, "बघतो."

रात्री किल्ली घेतली, देवळात गेलो.
लाकडी संताची दोन बोटं किड्यांनी खाल्लीत,
त्याच्यापुढे मेणबत्ती लावली, गुडघे टेकले.
शब्द निवडून निवडून बोललो.
न्याय म्हणालो. हद्द म्हणालो.
खऱ्याची चाड, असंही काहीसं म्हणालो.
तू गप्प.
बाहेरून मात्र खच्च, खच्च, काहीतरी चाललेलं.

दार उघडलं तर माझी बायको, ओतिलिया,
कंदील भुईवर ठेवून बटाटे काढत होती.
पंधरा दिवस आधीच; जांभळे, कोवळ्या सालीचे,
काही तर अंगठ्याएवढे.
"घर जाईल तेव्हा चिरडतील," एवढंच म्हणाली,
जणू मी केव्हाच होकार दिला होता.
माझी एक प्रार्थना होईतो
तिच्या तीन टोपल्या भरल्या होत्या.
मग काय करतो.
किल्ली खिशात टाकली, कुदळ उचलली.

दुसऱ्या दिवशी घर आलं.
अकरा बैलजोड्या, साठेक माणसं, आरडाओरडा,
आणि आत फळीवर थरथरणाऱ्या कपबश्या.
वावराच्या ऐन मध्यावर मोठा दोर तुटला.
बैल फेसाळले, अंधार पडला.
ज्याला नऊ वर्षं मी बांधावर पाय ठेवू दिला नाही
तो बायकोपोरांसह, चुलीसह, मांजरासह
माझ्या वावराच्या मधोमध मुक्कामाला राहिला.
खिडकीत दिवा लागला.
धुराड्यातून धूर निघाला, माझ्याच आभाळात.

मी बराच वेळ पाहत बसलो.
मग टोपलीतले ओंजळभर उकडून नेले.
दार ठोठावताना वाटलं,
हे दार माझ्या जमिनीवर आहे नि मी परका.
"मीठ आहे का?" मी विचारलं.
"आहे," तो म्हणाला.
कुंपणाचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.
सालं मात्र दोघांनी एकाच ताटलीत टाकली.

सकाळी घर पुढे गेलं.
मागे ओंडक्यांचे दोन खोल चर राहिलेत,
जुनी हद्द, नवी हद्द, दोन्ही ओलांडून गेलेले.
वाटेसाठी उपटलेले खांब तसेच पडलेत.
आधी कुणी उभे करायचे,
ते अजून ठरलेलं नाही.

रविवारी त्या ओळीपाशी मला खोकला आला.
खराखुरा, रात्रीच्या गारठ्याचा.
देऊळ थांबलं.
तिसऱ्या बाकावरून ओनेसिमोनं ओळ उचलली,
भसाड्या आवाजात, जराशी चुकवत.

मी त्याच्यामागून म्हटली.